अंगणाचं पंचांग : टूसॉनच्या घरातल्या वर्षभराच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

संक्रांत. चिपळूणला उद्या, आमच्याकडे अमेरिकेत टूसॉनला आजच. सूर्य मकरेत शिरला तो इथल्या घड्याळाप्रमाणे आज दुपारी अडीचच्या सुमारास. आमच्या ॲरिझोना राज्यात घड्याळ पुढे-मागे करण्याची भानगड १९६८ पासून नाही. त्यामुळे भारताशी वर्षभर साडेबारा तासांचं अंतर ठरलेलं. एवढं एक सोपं आहे, बाकी पंचांगाचा घोळ आहेच.

अंगणातल्या वस्तूंनीच सण करायच्या या प्रकल्पाचं कारण सांगायला हवं. हिने सुगडं पुजायला काढली. त्यात घालायला ऊस, हरभरा, बोरं, गाजर हवीत. गाजर होतं. बाकीच्यासाठी फिनिक्सला गाडी हाकायची, म्हणजे जाऊन-येऊन चार तास. मी म्हटलं, यंदा राहू दे. तर म्हणाली, "मग तुमच्या वाळवंटातलं काय घालू? काटे?"

मुद्दा बिनतोड होता. मी माणदेशातला. रखरखाट माझ्या ओळखीचा. ही चिपळूणची, वाशिष्ठीच्या पाण्यावर वाढलेली. तीस वर्षं मिशिगनच्या बर्फात काढली आणि निवृत्त झाल्यावर माझ्या गुडघ्यांनी हे गाव निवडलं. तिला कुणी विचारलं नाही, असं तिचं म्हणणं आहे. (विचारलं होतं. पण तेव्हा बाहेर उणे अठरा होतं, ती कशालाही हो म्हणाली असती.)

तर ठरलं असं: वर्षभरात प्रत्येक सणाला लागणारं पान, फूल, काठी, माती, लाकूड शक्यतो आपल्या अंगणातलं किंवा शेजारच्या अंगणातलं. ओढ्यातून, सरकारी रानातून काहीही उचलायचं नाही, इथे निवडुंगांनाही कायद्याचं संरक्षण आहे. आणि जे मिळणार नाही त्याच्या नावाने रडायचं नाही. शेवटचं कलम माझं. तिने त्यावर सही केलेली नाही.

सुगडात शेवटी अंगणातल्या मेस्किट नावाच्या काटेरी झाडाच्या वाळलेल्या शेंगा घातल्या. चावून पाहिल्या, गोड लागतात.

२४ मार्च, रविवार

होळी. दोन महिने वहीत काही नाही कारण काही केलंच नाही. थंडी लागू नये म्हणून लिंबूच्या झाडावर चादरी घातल्या-काढल्या, एवढंच.

आज सकाळी कुंपणालगतचं गवत उपटायला बसलो. इथे त्याला बफेल गवत म्हणतात आणि नाव घेतलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. १९३० च्या दशकात चाऱ्यासाठी म्हणून देशात आणलं, ते वाळवंटभर सुटलं. इथल्या मूळच्या झाडांमध्ये मोकळी जमीन असते, त्यामुळे आग लागली तरी एका झुडपावरून दुसऱ्यावर जात नाही. हे गवत त्या मोकळ्या जागा भरून टाकतं आणि आगीला पायघड्या घालतं. सवारो या खांबासारख्या उंच निवडुंगाला आगीची सवयच नाही, तो जळून जातो. म्हणून इथे स्वयंसेवकांच्या टोळ्या पहारी घेऊन डोंगरावर हे गवत उपटायला जातात.

पहारीने एक ठोंब उचकटला. त्याची केसाळ, तांबूस लोंबी हातात आली आणि मी तसाच बसून राहिलो. हे तर अंजन! आमच्या दादांनी बांधावर लावलेलं अंजन गवत. शेतकी खात्याकडून बी आणलं होतं. दुष्काळात म्हशी जगवल्या त्या याच गवताने. दादा त्याच्या ठोंबाला पाय लागू देत नसत. शास्त्रीय नाव ताडून पाहिलं, तेच.

दादांची मनातल्या मनात माफी मागून अकरा ठोंब उपटले, काळ्या पिशव्यांत भरून कचऱ्यात दिले. होळीत घालायचा मोह झाला होता, पण बी उडालं तर सगळं मुसळ केरात. संध्याकाळी लोखंडी शेगडीत मेस्किटची दोन लाकडं पेटवली. पुरणपोळी झाली. मी परंपरेप्रमाणे बोंब ठोकली. दोन मिनिटांत कुंपणापलीकडून सेन्योरा आजींचा आवाज: सगळं ठीक आहे ना? त्यांना समजावून सांगताना हिची हसून पुरेवाट. आजी ऐंशीच्या आहेत, त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या इथेच गेल्या. त्या म्हणाल्या, ओरडायचंच असेल तर मीही येते.

८ एप्रिल, सोमवार

फाल्गुनी अमावास्या आणि सूर्यग्रहण. खग्रास पट्टा टेक्सासवरून गेला, आमच्याकडे सूर्य निम्म्याहून जास्त झाकला गेला. अंगणातला पालो वर्दे नुकता फुलायला लागलाय. या झाडाची सालच हिरवी, पानं टिचभर, म्हणून सावली चाळणीसारखी पडते. अकरा वाजून गेल्यावर त्या सावलीतला उजेडाचा एकेक ठिपका चंद्रकोर झाला. ओट्यावर, नळीवर, माझ्या चपलेवर शेकडो कोरी. हिने पुरणाची चाळणी आणून फरशीवर धरली, त्यातूनही तसंच. ग्रहणात स्वयंपाक करायचा नाही हे आईचं सांगणं ती पाळते. म्हणून चाळणी मोकळी होती.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढीला वेळू कुठून आणणार? घायपाताचा दांडा कापला. घायपात आयुष्यात एकदाच फुलतं. मधोमध खांबासारखा दांडा सोडतं आणि मग मरतं. कोपऱ्यातलं आमचं घायपात मागच्या उन्हाळ्यात फुलून संपलं होतं. दांडा वाळून खडखडीत, चार मीटर लांब आणि वजनाला एवढा हलका की हिने एका हाताने उचलला. करवतीने टोक कापताना आत थर्माकोलसारखा गर निघतो. वेळूपेक्षा बरा, असं मी म्हटलं. "वेळूला वास असतो," ती म्हणाली.

वर तांब्याचा तांब्या पालथा. अमेरिकेतलं बहुतेक तांबं याच राज्यातल्या खाणींतून निघतं, तेव्हा तो तांब्या म्हटलं तर माहेरीच आला. कडुलिंबाऐवजी पालो वर्देची पिवळी डहाळी. पण कडू? रानातलं काहीही खायची माझी तयारी नाही, तेव्हा गुळाबरोबर मेथीदाणे चावले. साखरगाठी घरी केली. दोरा मध्येच तुटला. गाठीचे खडे चहात गेले.

१८ मे, शनिवार

कामाचा दिवस. पावसाळ्याआधी खड्डे तयार हवेत. मेस्किटच्या भोवती चंद्रकोरीच्या आकाराचा एक, लिंबाजवळ एक. गच्चीचं पाणी दोन्हीकडे वळवायचं. हिशोब सोपा: एक मिलिमीटर पाऊस गुणिले एक चौरस मीटर छप्पर म्हणजे एक लिटर. छप्पर दीडशे चौरस मीटर, म्हणजे दहा मिलिमीटरच्या एका सरीत दीड हजार लिटर. थोडं उडून-सांडून गेलं तरी बाराशे कुठे जात नाहीत. टूसॉनला वर्षाकाठी जेमतेम अकरा इंच पडतो, त्यातला निम्म्याच्या आसपास उन्हाळी पावसात. ते पाणी गटारात जाऊ देणं माणदेशी माणसाला शक्य नाही.

पण जमीन! वीतभर खाली कलीचे लागलं. चुनखडीचा थर, पांढरा, सिमेंटसारखा. मुरूम परवडला. पहार मारली की ठिणगी उडते आणि मनगटात झिणझिण्या. सकाळी पाच ते आठ या वेळात तीन दिवस काम केलं, नंतर ऊन उभं राहू देत नाही. ठरवलं होतं पाऊण मीटर खोल, झालं चाळीस सेंटीमीटर. पाणी चोवीस तासांत मुरलं पाहिजे, नाहीतर डास. बादलीभर ओतून पाहिलं, तासभर नुसतं बघत राहिलं आमच्याकडे. मग पहारीने तळाला चार भोकं पाडली, तेव्हा गेलं.

सवारोला फुलं आली आहेत. आमचा अजून बिनहाताचा, म्हणजे बिनफांद्यांचा आहे. हात फुटायलाच त्याला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. डोक्यावर पांढऱ्या फुलांचा गजरा. फूल रात्री उमलतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतं. रात्री वटवाघळं, दिवसा पारवे आणि मधमाश्या. ही पहाटे साडेचारला उठून बघते. मला सांगत नाही, पण बाहेरच्या दाराची कडी वाजते.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. सावलीत ४२. इथली माणसं वर्षात पाच ऋतू मोजतात, त्यातला हा सगळ्यात वाईट: कोरडा उन्हाळा. मे-जूनमध्ये पाऊस नाही, ढग नाही, काही नाही. पक्षीसुद्धा चोच उघडी ठेवून बसतात.

वड नाही. पूजा मेस्किटची. यावर आठवडाभर चर्चा झाली. हिचं म्हणणं, वडाला पारंब्या हव्यात. मी सांगितलं, पारंब्या आहेत, फक्त उलट दिशेने. टूसॉनजवळच्या एका खाणीत मेस्किटची मुळं पन्नास मीटरहून खोल सापडली होती. ती थोडा वेळ झाडाच्या बुंध्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पन्नास मीटर खाली जाऊन पाणी शोधतंय, आणि वर कुणाला पत्ता नाही." सूत गुंडाळायला लागली.

मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. वेडी बाभूळ अमेरिकेतूनच आपल्याकडे आली आणि माळरानं गिळून बसली. अंजन यांच्याकडे सुटलं, वेडी बाभूळ आमच्याकडे. फिटंफाट.

सात प्रदक्षिणा सकाळी साडेपाचला, सूर्य डोक्यावर यायच्या आत. काटा एक लागला, तोही मला.

२४ जून, सोमवार

सान हुआनचा दिवस. संत योहानाचा. या दिवसापासून पाऊस सुरू होतो अशी इथल्या जुन्या मेक्सिकन घरांतली समजूत, आपल्या मृगासारखी. हवामान खातं २००८ पासून १५ जून ते ३० सप्टेंबर असा ठरीव मोसम धरतं. त्याआधी दवबिंदू सलग तीन दिवस ५४ फॅरनहाइटच्या वर राहिला की टूसॉनला मॉन्सून लागला असं मानत. सेन्योरा आजी दोन्ही मानत नाहीत. त्या पायाचं बोट दुखायची वाट बघतात.

ढग आले. चार थेंब, मी मोजले. पर्जन्यमापक कोरडा.

सवारोची फळं पिकली. फळ वरून उकलतं आणि आतला लालभडक गर दिसतो, लांबून फूलच वाटावं. लांब काठीला आडवी पट्टी बांधून तीन पाडली, बाकी पाखरांना. चव अंजिराकडे झुकणारी, बिया खसखशीसारख्या. तोहोनो ओओधाम हे इथले मूळ लोक. त्यांचं नवं वर्ष याच तोडणीपासून सुरू होतं. रिकामी सालं ते लाल बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवतात, पावसासाठी. ही म्हणाली आपण ठेवायची का. मी म्हटलं, तो त्यांचा रिवाज आहे. तिने तिन्ही सालं मेस्किटच्या खड्ड्याच्या कडेला ठेवली, कुठली बाजू वर ते मी पाहिलं नाही.

१३ जुलै, शनिवार

आला!

दुपारी तीनपासून कातालिना डोंगरावर ढग चढत होते. साडेपाचला वारा फिरला आणि वास आला. पहिल्या पावसाचा आपल्याकडचा वास मातीचा. इथला वास एका झुडपाचा, क्रिओसोटचा. पानांवर राळ असते, ओलावा लागला की ती सुटते. स्पॅनिशमध्ये त्या झुडपाचं नावच घाणेरं या अर्थाचं आहे, आपल्या घाणेरीसारखं. मला तो वास आवडतो. हिला पहिल्या वर्षी डांबराचा वाटला होता. आज ती दार सताड उघडं टाकून ओट्यावर उभी होती. मी आत ये म्हटलं, विजा होत होत्या, तर माझ्याकडे न बघता हात हलवला.

पस्तीस मिनिटांत १९ मिलिमीटर. दोन्ही खड्डे भरून ओसंडले. लिंबाजवळचा बांध एका कोपऱ्यात फुटला, तो माझाच आळशीपणा, दगड लावायचे राहिले होते. फुटक्या जागेतून पाणी सरळ गॅरेजच्या दारात. फावडं घेऊन भिजत माती ओढली. चौसष्टाव्या वर्षी असलं काम करताना मजा येऊ नये, पण आली.

रात्री ओढ्याकडून मेंढ्या ओरडल्यासारखा आवाज. स्पेडफूट बेडूक. वर्षातला बहुतेक काळ जमिनीत गाडून घेतात, ढगांच्या गडगडाटाची धडधड कळली की वर येतात. डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटायला हवेत, नऊ-दहा दिवसांत सगळा कारभार उरकतात. ही खिडकीत बसून फोनवर ते चिपळूणला बहिणीला ऐकवत होती. तिकडून बहीण तिच्या कौलांवरचा पाऊस ऐकवत होती. दोघी बोलत काहीच नव्हत्या.

१३ ऑगस्ट, मंगळवार

(ही नोंद माझी. यांचा हात पहारीने सुजलाय, आणि तसंही हे घडलं तेव्हा हे झोपले होते.)

नागपंचमी गेल्या शुक्रवारी झाली. पाटावर चंदनाने नागोबा काढला, लाह्या वाहिल्या, काही चिरलं नाही, कापलं नाही. खरे नागोबा चार दिवस उशिरा आले.

सकाळी सहाला झाडांना पाणी घालायला नळी ओढली तर तिच्या वेटोळ्यामागून आवाज. सुकलेल्या शेंगांचा खुळखुळा कुणी जोरात हलवावा तसा. मी जागच्या जागी थांबले. कोकणात वाढलेय, साप नवीन नाही, पण वाजणारा साप म्हणजे निदान सांगून तरी डसतो. हळूहळू मागे झाले आणि यांना उठवण्याऐवजी साप नेणाऱ्यांना फोन केला. यांना उठवलं असतं तर यांनी आधी चष्मा शोधला असता.

एक मुलगा आला, लांब चिमटा आणि झाकणाची बादली घेऊन. दोन मिनिटांत उचलला. मी विचारलं, कुठे नेतोस? तर म्हणाला, फार लांब नाही, ओढ्याच्या पलीकडेच. लांब नेला तर त्याला बिळं सापडत नाहीत आणि तो मरतो. मला हे बरं वाटलं. आपलं गाव सोडून लांब नेलं की काय होतं ते मला कुणी सांगायला नको.

बादलीचं झाकण घट्ट आहे ना हे दोनदा विचारून लांबूनच हळदकुंकू वाहिलं. तो मुलगा काही बोलला नाही, टोपी काढून उभा राहिला.

निवडुंगाची बोंडं पिकलीत. सरबत करणार आहे. कुसं जाळायला चिमट्यात धरून गॅसवर फिरवायची, नंतर वस्त्रगाळ. हे म्हणतात हातमोजे घाल. मोज्यातूनच कुसं जास्त जातात.

६ सप्टेंबर, शुक्रवार

गणपती आज बसले. चिपळूणहून फोन: "अगो, चतुर्थी उद्या आहे, तुम्ही आज कसे बसवलेत?" कारण इथे उद्या पहाटे पाचलाच चतुर्थी संपते, माध्यान्हीला ती आजच मिळते. मेहुणीला साडेबारा तासांचं गणित पटलं नाही. तिच्या मते आम्ही देवाला आदल्या दिवशीच उठवलं.

मूर्तीची हकीकत मोठी आहे. शाडू मागवायचा नाही हे ठरलेलं. जुलै-ऑगस्टच्या पावसाने मेस्किटच्या खड्ड्यात बोटभर गाळ आणून बसवला होता, लोण्यासारखा. वर भेगा पडून त्याच्या खपल्या सुटलेल्या. त्या गोळा केल्या, भिजवल्या, जुन्या साडीतून गाळल्या. पहिली मूर्ती ऑगस्टअखेरीस केली. सोंड छान वळली होती. चार तासांत सोंडेला चीर, संध्याकाळी सोंड पाटावर. हवा इतकी कोरडी की बाहेरचा थर आवळतो आणि आतला ओलाच राहतो. दुसरी केली, तिचे कान गेले.

तिसऱ्या वेळी हिने सूत्रं हातात घेतली. मातीत बारीक कातरलेलं वाळकं गवत आणि थोडी वाळू, इथे मातीच्या विटांत घालतात तसं. सेन्योरा आजींनी सांगितलेलं, त्यांचे वडील अशाच विटा पाडत. मूर्तीवर ओलं फडकं, त्यावर पातेलं पालथं, रोज थोडा वेळच उघडायचं. सहा दिवस लागले. चीर एक आली, पाठीला. ती पाठ भिंतीकडे आहे.

दूर्वांचा प्रश्न मिनिटात सुटला. ज्या गवताला इथे बर्म्युडा म्हणतात आणि ज्याच्या परागांनी निम्मं गाव शिंकतं ते म्हणजे आपली दूर्वा, जातसुद्धा तीच. समोरच्या घरातले गृहस्थ त्यावर औषध मारायच्या तयारीत होते. मी एकवीसच्या एकवीस जुड्या मागितल्या तर म्हणाले, सगळंच घेऊन जा.

दीड दिवसाने बादलीत विसर्जन, आणि बादली परत मेस्किटच्या खड्ड्यात.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. उकाडा अजून हटत नाही. शमी हवी होती; शमी आणि मेस्किट एकाच कुळातली, परवापरवापर्यंत वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना एकाच वंशात धरत. तेव्हा वटपौर्णिमेचं झाडच दसऱ्याला पुजलं. त्याने तक्रार केली नाही.

सोनं मात्र खरं मिळालं. रोपवाटिकेत मार्चमध्ये एक लहान झाड दिसलं होतं, टेक्सास-मेक्सिकोच्या सीमेवरचं, इथे बागांतून लावतात. पान बघितलं आणि ही जागेवर थांबली: मधोमध चिरलेलं, दोन पाकळ्यांचं, हुबेहूब आपटा, फक्त नखाएवढं. दोघंही बौहिनिया, आते-मामे भावंडं म्हणा. तेव्हा घेतलं, लिंबाशेजारी लावलं. आज त्याची वीस पानं तोडली, जास्त तोडवेना. सेन्योरा आजींना सोनं दिलं. त्यांनी नीट घडी घालून पाकिटात ठेवलं, नोटेच्या कप्प्यात.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोजागरी. गच्चीवर मसाला दूध. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला धूमकेतू, त्सुचिनशान-ॲटलास. पूर्वेला चंद्र वर आलेला असूनही दुर्बिणीतून शेपूट दिसलं. हिने आधी दूध धूमकेतूला दाखवलं की चंद्राला, यावर वाद आहे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळीच्या तीन दिवसांची नोंद एकदम.

महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन आज, आमच्याकडे काल संध्याकाळी. म्हणजे बरोबर हॅलोविनला. दारात एका बाजूला पणत्या, दुसऱ्या बाजूला डोळे कोरलेला भोपळा. भुतांच्या वेशातली पोरं येत होती आणि ही त्यांना चॉकलेटबरोबर करंजी देत होती. एका चिमुरड्या सांगाड्याने तिथेच खाल्ली आणि आणखी एक मागितली.

आकाशकंदील ओकोतिय्योच्या वाळक्या फांद्यांचा. आमच्याच झुडपाच्या मेलेल्या फांद्या, काटे खरडून काढले, दोऱ्याने बांधल्या, वर पतंगाचा कागद. आत अगदी मंद दिवा. इथे डोंगरांवर मोठ्या दुर्बिणी आहेत, त्यांच्यासाठी १९७२ पासून बाहेरच्या दिव्यांचे नियम आहेत. लखलखाट शोभत नाही.

नातवंडं आठवडाभर आली होती, म्हणून किल्ला. उरलेला गाळ आणि कलीचेचे ढेकूळ. प्रतापगड म्हणून सुरू झाला, तट जरा राजगडाकडे गेला. हिरवळीसाठी अळीव पेरले. इथल्या शेंडीवाल्या लाव्हऱ्यांनी पहिल्याच सकाळी ओळीत येऊन सगळे टिपले. पुन्हा पेरले, वर जाळी घातली. मग बुधवारी रात्री, अभ्यंगस्नान वगैरे यथासांग झाल्यावर, हावेलीना आले. दिसायला रानडुकरं, खरी डुकरं नव्हेत, पण वासाने फरक पडत नाही. सात होते. भोपळ्याचा वास लागला असणार. भोपळा खाल्ला, झेंडूची फुलं खाल्ली आणि जाताना सरळ बालेकिल्ल्यावरून गेले. सकाळी नातू पायऱ्यांवर उभा राहून म्हणाला, "आजोबा, शत्रू आला होता." तटावर खुरांचे ठसे. मावळे सगळे शाबूत, एकच पाण्याच्या टाक्यात पडला होता.

हॅलोविनसाठी दुसरा भोपळा आणला. रात्रभर घरात ठेवला.

आज सेन्योरा आजींनी त्यांच्या घरात गेलेल्या माणसांसाठी मांडलेली आरास दाखवली. झेंडू, मेणबत्त्या, फोटो, प्रत्येकाच्या आवडीचं खाणं. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा हे मला ठाऊक होतं, पण आपल्या तोरणाचं फूल तिथे त्यांच्या वडलांच्या फोटोपुढे पाहिल्यावर मी दादांचं नाव सांगितलं. त्यांनी एक मेणबत्ती जास्तीची लावली.

२४ डिसेंबर, मंगळवार

कागदी पिशव्या चाळीस, प्रत्येकीत दोन मुठी वाळू, वाळूत मेणबत्ती. कुंपणावर आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना. इथे नाताळच्या आदल्या रात्री असे दिवे लावतात. चाळीसपैकी तीन जळाल्या, कारण पिशवीचा काठ मी दुमडला नव्हता. दुमडायचा असतो, उभी राहते.

आजींच्या स्वयंपाकघरात ही दिवसभर तमाले करत होती. मक्याचं पीठ, मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेलं. घरी आल्यावर म्हणाली, "पानगीच ती. फक्त लोण्याऐवजी डुकराची चरबी." तिच्यासाठी आजींनी तेलातली निराळी केली होती. तिने तिकडे मोदकाच्या कळ्या पाडून दाखवल्या, तर आजींच्या सुनेने एक तमाल मोदकासारखा वळला. तो वाफेत उघडा पडला.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. पहाटे थंडी. लिंबावर चादर, मेक्सिकोतून आणलेल्या खांबनिवडुंगाच्या टोकांवर थर्माकोलचे पेले उलटे घातलेत. लांबून सगळा निवडुंग टोप्या घालून शाळेत निघाल्यासारखा दिसतो.

हिवाळी पाऊस अजून नाही. पर्जन्यमापकात कोळ्याने जाळं विणलंय. खड्डे कोरडे.

सुगडात यंदा: मेस्किटच्या शेंगा, निवडुंगाच्या बोंडांची वडी, दोन लिंबं, गाजर, आणि पेरभर ऊस. ऊस आजींच्या मुलाने आणून दिला, त्यांच्याकडे नाताळच्या गरम सरबतात घालतात म्हणे. हा बारा महिने शेजारी मिळत होता आणि आम्ही फिनिक्सला जायचं म्हणत होतो.

राहिलेलं काम: लिंबाजवळच्या बांधाला दगड. किल्ल्याभोवती तारेचं कुंपण, गुडघ्याएवढं पुरे. कुंपणालगत अंजन पुन्हा फुटलंय, पाच ठोंब.

समासात तिच्या अक्षरात: दुसऱ्या एका घायपाताचा दांडा कापून गॅरेजमध्ये आडवा ठेवलाय. गाडी लावताना सांभाळा.